रायफलीचा धक्का आणि कानातली शिट्टी : काही इलाज आहे का?

संत्रेवाला
राम राम मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

राहायला नागपुरात, शेती काटोलकडे. संत्र्याची बाग आणि तिला लागून दोन एकर मका. आजोबांची .३१५ (नळीचं माप, इंचात) रायफल वडिलांकडून माझ्या नावावर आली, परवाना पीकसंरक्षणाचा. आजवर ती वर्षातून एकदा तेलपाणी करण्यापुरती आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा करण्यापुरतीच बाहेर निघायची. यंदा डुकरांनी मका असा झोपवला की शेवटी रीतसर अर्ज केला. रानडुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी मिळाली.

मागच्या मंगळवारी रात्री मचाणावर बसलो. ऑक्टोबरची उकड, अंगात नुसती बनियन. साडेअकराला कळप आला. पहिली गोळी धुऱ्यावरच्या बोरीला लागली, दुसरी कुठे गेली ते बोरीलाही माहीत नाही. डुकरं शाबूत, मी नाही. उजव्या दंडावर वांग्याच्या रंगाचा डाग पडलाय. डाव्या कानात तेव्हापासून शिट्टी वाजून राहिली आहे, आज चौथा दिवस. बायको म्हणते टीव्हीचा आवाज कमी करा, मी म्हणतो वाढवा.

तर प्रश्न दोन. धक्का कमी करायला काय करता येतं? आणि बाराचा आवाज कमी करायला काही (कायद्यात बसणारं) आहे का?

तर्रीपोहा
आवाज कमी करायचा आहे ना? बायकोचं ऐका. :)

कानवाली_डॉक्टर
बाकी चर्चा होत राहील. संत्रेवाला, तुम्ही आधी कान दाखवा. सोमवारची वाट पाहू नका. मोठ्या आवाजानंतर चार दिवस शिट्टी आणि ऐकू कमी येणं याला आम्ही "जाईल आपोआप" म्हणत नाही. अशा वेळी औषध जितकं लवकर सुरू होईल तितका उपयोग. ऑडिओग्राम (कोणत्या सुराला किती ऐकू येतं त्याचा आलेख) काढतील, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. कागदावर ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसला की तो बंदुकीचा किंवा कारखान्याचा, हे बहुतेक वेळा बघताक्षणी कळतं.

डावाच कान का, तर उजव्या खांद्यावरून नेम धरताना मान उजवीकडे कलते. डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो, उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. डावखुऱ्यांचं उलट.

झटकामशीन
काऊन बाप्पा, आवाज कमी कायले पाह्यजे? आवाज हाय म्हणून त थे डुक्कर पयते! आमच्या उमरेडकडं लोकं सुतळी बॉम्ब फोडून फोडून थकले. जुन्या साड्या बांधून झाल्या, रेकॉर्डिंगवर वाघाची डरकाळी लावून झाली. आठ दिवस भेतात, नवव्या दिवशी थेच डुक्कर साडी खाली पाडून तिच्यावर लोयते. म्या शेवटी झटका मशीन बसवलं, कुंपणाच्या तारेले हलका झटका देनारं, सोलरवालं. मले पटलं. तुम्ही रायफल इका न् मशीन घ्या.

(मेन लायनीचा करंट मात्र कोणी सोडू नका. त्यात माणसं गेली हायेत.)

रानवेडी
दादा, राग नका मानू, पण "मचाण, रायफल" हे शब्द वाचूनच अंगावर काटा येतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरही हे चाललंय?

मचाणावरचा_म्हातारा
रानवेडी ताई, ही बेकायदा शिकार नव्हे. वन्यजीव कायद्यातच कलम ११ आहे. पीक किंवा जीव धोक्यात असला तर अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो आणि ती ठरावीक प्राण्यापुरतीच असते. संत्रेवाल्याने रीतसर कागद घेतलाय. गावोगाव रात्री कोण कशाने मारतं आणि कोण कुठे विकतं, तो धागा वेगळा काढा, मीही लिहीन.

मी ७८ वर्षांचा आहे. धरमपेठेत राहतो आणि दोन्ही कानांत यंत्र. यापुढचं सांगायला तेवढं ओळखपत्र पुरे. साठच्या दशकात आमच्या घरी दुनळी बारा बोअर होती. पेंचकडच्या जंगलात वडिलांच्या मागे हाकाऱ्याला जायचो. तेव्हा कानाला काही लावणं म्हणजे बायकीपणा. फार तर तेलात भिजवलेला कापूस, तोही थंडी वाजते म्हणून. वडील बार काढायचे आणि मग अर्धा तास सगळे जण एकमेकांशी ओरडून बोलायचे. आम्हाला ती गंमत वाटायची.

एकदा मामांनी दुनळीचे दोन्ही घोडे एकदम दाबले. चुकून की फुशारकीने, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. मामा नाल्यात, बंदूक पळसाच्या झुडपात, सांबर समोर उभं राहून दोघांकडे बघतंय.

तर्रीपोहा
त्या सांबराने पुढे तीन पिढ्यांना ही गोष्ट सांगितली असणार.

भौतिकवाले_मास्तर
विषय माझ्या अंगणात आला म्हणून थोडं गणित. .३१५ चे खात्रीचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून उदाहरणाला .३०-०६ ही दुसरी मोठी रायफल घेतो.

गोळी ११.७ ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण ८२० मीटर. संवेग (वस्तुमान गुणिले वेग) झाला ९.६. आता बहुतेक जण विसरतात ती गोष्ट : दारूही बाहेर पडते! साडेतीन ग्रॅम दारूचा वायू होतो आणि तो गोळीच्या दीडपट वेगाने नळीतून सुटतो. त्याचा संवेग ४.४ च्या आसपास. एकूण १४. तेवढाच संवेग उलट्या दिशेने रायफलीला मिळतो. साडेतीन किलोची रायफल म्हणजे सेकंदाला ४ मीटर वेगाने खांद्यावर येणार. ऊर्जा २८ ज्यूल.

याच रायफलीला अर्धा किलो वजन वाढवलं तर वेग साडेतीनवर येतो आणि ऊर्जा साडेचोवीसवर. म्हणजे आठवा हिस्सा गेला, तोही फुकटात. जुन्या लोकांनी दस्त्यात (खांद्याला टेकतो त्या लाकडी भागात) शिसं भरून ठेवलेलं असायचं ते उगाच नाही.

तुलनेला एनसीसीतली .२२ घ्या. अडीच ग्रॅमच्या थोडी वर गोळी, दारू नावाला. रायफलीचा मागे येण्याचा वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर. मुंगी चावल्यासारखा. म्हणून "मी एनसीसीत फायरिंग केलंय" असं सांगणाऱ्याच्या हाती .३१५ देऊ नये.

एनसीसी_कॅडेट_९८
मास्तर, ही मुंगी मलाच चावली वाटतं. :)

तरी एक सांगते. कामठीला कॅम्प होता, आमचे उस्ताद हवालदार होते, मिशीवाले. माझा नेम चांगला असून गोळ्या खाली डावीकडे जायच्या. तिसऱ्या दिवशी उस्तादांनी रायफल स्वतः भरून दिली. मी श्वास धरला, चाप दाबला... टक्. आत काडतूस नव्हतंच. पण नळी? नळीने चार बोटं डुबकी मारली. उस्ताद फक्त एवढंच म्हणाले, "देखा? गोली नहीं थी, डर था." मागे उभ्या मुली फिदीफिदी हसल्या.

धक्का बसायच्या आधीच अंग आक्रसतं. मग नेमही जातो आणि रायफल खांद्यावरून सुटलेली असल्याने लागतंही जास्त. संत्रेवाला, तुमची दुसरी गोळी कुठे गेली ते मला माहीत आहे. पहिल्या गोळीच्या भीतीत गेली.

संत्रेवाला
कॅडेट ताई, वर्मावर बोट. दुसऱ्या वेळी डोळे मिटले होते, हे घरी सांगितलेलं नाही.

डॉक्टर, आज जाऊन आलो. खड्डा आहे म्हणाले, तुम्ही सांगितला तिथेच. गोळ्या सुरू केल्यात. बरं होईल का म्हटलं तर "बघू" म्हणाले. कानातली शिट्टी मात्र आता दादरा सोडून विलंबित लयीत आली आहे.

फायरब्रँड_वाडी
सायलेन्सर लावा ना राव! नेटवर व्हिडिओ आहेत, घरच्या घरी...

लोखंडी_हात
वाडीवाल्या भावा, थांब तिथंच.

आमचं घराणं तीन पिढ्या बंदूक दुरुस्तीत आहे, नागपुरातच. म्हणून नीट सांगतो. बाराचा आवाज किंवा जाळ कमी करणारी कुठलीही जोडणी आपल्याकडे निषिद्ध वर्गात मोडते. सामान्य परवान्यावर ती मिळत नाही, ठेवता येत नाही, करून घेता येत नाही. रायफल कायदेशीर असली तरी तिच्या तोंडाशी ती नळकांडी सापडली की परवाना जाईल तो जाईल, वर कोर्टाच्या फेऱ्या. आमच्या दुकानात वर्षाला दोन-तीन जण गुळमुळीत विचारतात, "भाऊ, काही होईल का आवाजाचं?" आजोबांनी त्यावर ठरलेलं उत्तर करून ठेवलंय : "होईल ना, कापूस घाल."

संपादक मंडळ
घरगुती जोडणीबद्दलचे दोन प्रतिसाद आणि एक दुवा उडवला आहे. त्या दिशेला चर्चा नेऊ नये. बाकी धागा चालू द्या.

हेलसिंकीचा_वैदर्भी
गंमत म्हणजे मी जिथे राहतो तिथे बरोबर उलटं आहे. मूळचा सक्करदऱ्याचा, नोकरीमुळे अकरा वर्षं फिनलंडमध्ये. इथे शिकाऱ्याच्या रायफलीला सायलेन्सर असणं सर्रास. नसला तर शेजारी नाराज होतो. कुत्र्यांचे कान, शिकाऱ्याचे कान, आसपासच्या वस्तीची झोप, असा सरळ हिशोब. ब्रिटनमध्येही परवान्यावर नोंद करून मिळतो. अमेरिकेत १९३४ पासून त्यावर २०० डॉलरचा कर बसवला होता, त्या काळी ही रक्कम खुद्द बंदुकीपेक्षा जास्त व्हायची.

पण सिनेमातला "फुस्स" आवाज विसरा. सहकाऱ्याबरोबर एकदा मूसच्या (इकडचं मोठं हरीण) हाकाऱ्याला गेलो होतो (मी फक्त थर्मास धरायला). सायलेन्सर असूनही तो बार एवढा होता की बर्चवरचे पक्षी उडाले. सहकारी म्हणाला, साधारण २० ते ३५ डेसिबल कमी होतात. १६५ मधून ३० गेले तरी १३५ उरतात. तेव्हा तोही कानावर मफ (हेडफोनसारखे कान झाकणारे कप) घालतोच.

आणि हो, इथे हाकाऱ्याला सगळ्यांनी भडक नारिंगी टोपी-जॅकेट घालायचं असतं. नागपूरकराला एवढं घरच्यासारखं दुसरीकडे कुठे वाटणार?

भौतिकवाले_मास्तर
वैदर्भी बरोबर बोलले. त्यामागचं कारण असं की एका बारात दोन आवाज असतात. एक नळीच्या तोंडाशी वायू फुटतो त्याचा. तो कोंडून, थंड करून, हळू सोडता येतो. दुसरा गोळी ध्वनीपेक्षा वेगाने हवा चिरत जाते त्याचा, चाबकासारखा. तो गोळीबरोबर वाटभर चालतो, तोंडाशी काहीही लावा, त्याला फरक पडत नाही.

यात नागपूरचा एक गमतीदार मुद्दा आहे. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे तो सेकंदाला ३३७ मीटर, मे महिन्यात ४५ अंशांत ३५८. म्हणजे ३४५ ने जाणारी .२२ ची गोळी डिसेंबरात चाबूक ओढेल आणि मे महिन्याच्या दुपारी मुकाट जाईल. उन्हाळ्याने आपल्याला दिलेली ही एकमेव सवलत.

तर्रीपोहा
मे महिन्याच्या दुपारी नागपुरात गोळीच काय, माणूसही आवाज करत नाही.

मचाणावरचा_म्हातारा
सायलेन्सरवरून आठवलं. मशीनगनवाले मॅक्सिम, थोरले, आयुष्यभर बार काढून काढून ठार बहिरे झाले. त्यांच्या मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने, १९०९ मध्ये सायलेन्सरचं पेटंट घेतलं. बापाने गोंगाट केला, पोराने झाकण शोधलं. आमच्या घरी उलटं झालं. मी बहिरा झालो आणि नातवाने डीजेचा धंदा काढला. मारबतीच्या मिरवणुकीत त्याची गाडी असते. मी यंत्र काढून खिशात ठेवतो आणि सुखाने बघतो.

कानवाली_डॉक्टर
काका. :)

डीजेचा विषय निघालाच आहे तर फरक सांगते. डीजे तासन्‌तास कान शिजवतो, बंदूक एका फटक्यात फाडते. आपल्याकडे फटाक्यांना चार मीटर अंतरावर १४५ डेसिबल शिखराची मर्यादा आहे. मोठ्या रायफलीचा बार खुद्द नेमबाजाच्या कानापाशी १५५ ते १७० भरतो आणि दर २० डेसिबलला दाब दहापट होतो. १४० च्या वरचा एकही फटका उघड्या कानाने घेऊ नये, असा संकेत आहे. कानाच्या आत एक छोटा स्नायू मोठ्या आवाजाला आकसून संरक्षण करतो, पण तो जागा होईपर्यंत बंदुकीचा बार आत शिरून गेलेला असतो.

कापसाने जवळजवळ काही होत नाही (लोखंडी हात यांच्या आजोबांची क्षमा मागून). मेडिकलच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात, वीस-तीस रुपयांत. पण नव्वद टक्के लोक ते चुकीचे घालतात. नव्वद हा माझा ओपीडीतला अंदाज, कुठला अभ्यास नव्हे. बोळा चिमटीत वळून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वरच्या बाजूने धरून वर-मागे ओढायचा, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. मग बोळा आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. आरशात समोरून पाहिलं तर बोळ्याचं टोक दिसता कामा नये. दिसलं तर तो नुसता दागिना आहे.

त्यावर मफ चढवायचे. दोन्हींची बेरीज होत नाही, मफमुळे पाचेक डेसिबलच वाढतात, पण बंदुकीला तेही हवेत.

झटकामशीन
डॉक्टरीन बाई, कानात बोये घालून रात्रीले मचाणावर बसलो त डुक्कर आलं हे समजन कसं? मांगून येऊन चहा पेऊन जाईन थे.

हेलसिंकीचा_वैदर्भी
भाऊ, बॅटरीवाले मफ येतात. बाहेर माइक असतो. पाचोळ्याची खसखस उलट मोठी करून ऐकवतात आणि मोठा आवाज आला की त्या क्षणी माइक बंद. नागपुरातही नेमबाजीवाले वापरत असतील. मी थर्मास धरून बसलो होतो तेव्हा मला सहकाऱ्याचं पोट गुरगुरलेलं ऐकू येत होतं.

फायरब्रँड_वाडी
बरं, सायलेन्सर राहिला. मग मझल ब्रेक तर चालेल ना? त्याने धक्का निम्मा होतो म्हणतात.

भौतिकवाले_मास्तर
हा चांगला प्रश्न. ब्रेक म्हणजे नळीच्या तोंडाशी आडव्या खिडक्या. त्यातून वायू बाजूला आणि थोडा मागे वळवायचा. गोळीचा ९.६ चा हिस्सा ब्रेकच्या हातात नाही, वायूचा ४.४ चा आहे. तो सगळा फुकट घालवला असं धरलं, तर संवेग १४ वरून ९.६ वर येतो, तिसरा हिस्सा गेला. पण ऊर्जा वर्गात चालते, ती २८ वरून १३ वर उतरते. म्हणून "निम्मा होतो" म्हणतात ते खोटं नाही. प्रत्यक्षात सगळा वायू वळत नाही, ३० ते ५० टक्के धरा.

आता किंमत. तो वायू गेला कुठे? तुमच्याच तोंडाकडे. धक्का कमी, आवाज जास्त, आणि शेजारी बसलेल्या गड्याला तर दोन्ही कानांत प्रसाद. संत्रेवाल्याला खांदा वाचवून कान घालवायचा असेल तर खुशाल बसवा.

लोखंडी_हात
शिवाय नळीच्या तोंडाला आटे पाडावे लागतात. परवानाधारक कारागिराशिवाय कोणाकडून हे करून घेणं गुन्हा, आणि मी परवानाधारक असूनही जुन्या .३१५ वर करणार नाही. आटे एका केसाने वाकडे गेले तर गोळी ब्रेकला घासून जाणार.

नळी कापून आखूड करू का, हेही लोक विचारतात. त्याला वेगळा परवाना लागतो, तो मिळत नाही, आणि आखूड नळीचा आवाज आणखी मोठा. काडतुसातली दारू कमी करू का, यावर तर मी हातच जोडतो.

एनसीसी_कॅडेट_९८
अवांतर, पण हे .३१५ असलं विचित्र माप का? आमच्याकडे .३०३ ऐकायचो.

मचाणावरचा_म्हातारा
इंग्रजांची कृपा. फौजेचं काडतूस जनतेच्या बंदुकीत बसता कामा नये, म्हणून जनतेसाठी वेगळं माप. ईशापूरच्या कारखान्यात .३०३ सारख्याच धाटणीची रायफल या मापात बनली. राज्य गेलं, माप राहिलं. संत्रेवाल्याच्या दंडावरचा डाग म्हणजे एका अर्थी वसाहतवादाची खूण.

तर्रीपोहा
काका, यावर पीएचडी होईल.

लोखंडी_हात
मूळ प्रश्नाकडे येतो. संत्रेवाला, दोन गोष्टी सांगा. डाग दंडावर आहे म्हणालात, खांद्याच्या खोबणीत नाही? आणि तुमची उंची किती, आजोबांची किती?

संत्रेवाला
दंडावरच, खांद्याच्या बाहेर. मी पाच फूट चार इंच. आजोबा सहा फुटी होते, घराच्या चौकटीला डोकं लागायचं. का?

लोखंडी_हात
मग सापडलं. दस्ता तुम्हाला लांब पडतोय. चापापर्यंत बोट पोचावं म्हणून तुम्ही दस्ता खोबणीतून बाहेर, दंडावर सरकवता. तिथे मांस कमी, हाडावर बसतो. त्यात मागे लोखंडी पट्टी आणि अंगात बनियन.

घरी करून बघा. रायफल रिकामी आहे हे दोनदा डोळ्यांनी आणि एकदा बोटाने तपासा. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकवा. बोटाचं पहिलं पेर चापावर यायला हवं. हे माप ढोबळच, पण तुमचं नखही पोचणार नाही असं वाटतं.

इलाज : दस्ता मागून इंचापेक्षा जास्त कापायचा आणि त्या जागी इंचभर जाडीचा रबरी पॅड, म्हणजे एकूण लांबी कमी होईल. आजोबांचं लाकूड कापायला मन होत नसेल तर चामड्याच्या दोरीने बांधायचा चढवणीचा पॅड येतो, पण त्याने लांबी वाढेल, तुमचं दुखणं तेच आहे. पट्टीचे स्क्रू आणि दस्त्याचा मुख्य स्क्रूही बघून घ्या. ते ढिले असले तर धक्का दोन हप्त्यांत बसतो, आधी लाकडाला, मग तुम्हाला.

आणि कापलेला तुकडा फेकू नका. आमच्याकडे लोक तो देवघरात ठेवतात.

भौतिकवाले_मास्तर
माझाही एक प्रश्न. मचाण कसलं आहे? वर छप्पर आहे का?

संत्रेवाला
आहे. पावसासाठी टिनाचे दोन पत्रे टाकलेत, तीन बाजूंनी ताटव्या. मी मागच्या बल्लीला पाठ टेकून बसलो होतो. नळी आतच होती, पुढच्या फटीतून नेम धरला.

भौतिकवाले_मास्तर
अरे देवा.

म्हणजे तुम्ही ढोलाच्या आत बसून ढोल वाजवला. बाराचा दाब पत्र्यावर आपटून पुन्हा तुमच्याच कानात आला. नळीचं तोंड पत्र्याच्या छायेबाहेर हवं, हातभर तरी. नाहीतर पत्रा काढा, गवताचं छप्पर घाला. गवत आवाज गिळतं, टिन थुंकतं.

बल्लीला टेकणंही नडलं. उभ्या माणसाचं अंग धक्क्याबरोबर मागे झुलतं, म्हणून तोच धक्का जरा लांबतो आणि मऊ लागतो. पाठ टेकली की झुलायला जागा नाही. पालथं पडून झाडलं तर याच कारणाने खांदा जास्त दुखतो.

कानवाली_डॉक्टर
टिनाखाली! हे मला आधी सांगितलं असतं तर मी पहिल्याच प्रतिसादात ओरडले असते.

रानवेडी
मी मघाशी जरा तडकून बोलले, वाचत राहिले ते बरं झालं. एकच विनंती, नेम पक्का होईपर्यंत डुकरावर झाडू नका. डोळे मिटून झाडलेली गोळी लागली असती तर जखमी जनावर रात्रभर कुठे तडफडत राहिलं असतं कोण जाणे.

झटकामशीन
ताई बरोबर बोलली. आन् जखमी डुक्कर सकाळी बाया निंदायले गेल्या का त्याईच्यावर येते. आमच्या गावात झालं हाय तसं.

संत्रेवाला
(तीन आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, दिवाळी आणि संत्र्याचा सौदा एकदम आला.

लोखंडी हात यांच्या सांगण्यावरून परवान्यासकट रायफल कारागिराकडे नेली. त्याने कोपराचं माप घेतलं आणि हसला. सव्वा इंच कापलं, इंचाचा पॅड बसवला. मुख्य स्क्रू दीड फेरा ढिला निघाला. करवत लाकडात गेली तेव्हा मी दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो. आत अक्रोडाचा रंग अजून ताजा होता, वास सुद्धा. तुकडा घरी आणलाय. आईने खरंच देवघरात ठेवला, मी काही बोललो नाही.

पत्रे काढून तुराट्यांचं छप्पर घातलं. बोळे आणि बॅटरीवाले मफ दोन्ही घेतले. मग रीतसर परवानगी असलेल्या रेंजवर जाऊन दहा गोळ्या झाडल्या. कॅडेट ताईंची युक्ती तिथल्या मित्राने केली, मधूनच रिकामी रायफल हातात दिली. पहिल्या वेळी नळीने डुबकी मारली. चौथ्या वेळी नाही मारली. दंडावर डाग नाही, खांदा दुसऱ्या दिवशी थोडा जड होता इतकंच.

कानाचं : खड्डा बराच भरलाय, पूर्ण नाही. शिट्टी रात्री शांततेत ऐकू येते. डॉक्टर म्हणाले आता ती राहिली तर राहिली.

मका तर काढून झाला. डुकरं आता शेजाऱ्याच्या तुरीत आहेत. त्याने काल विचारलं, "भाऊ, मचाणावर येता का?" म्हटलं येतो, आधी तुझ्या मचाणावर पत्रा आहे का सांग.

झटकामशीन
शेजाऱ्याले माहा नंबर द्या न भाऊ. मशीनवर डिस्काउंट करून देतो.

तर्रीपोहा
तरीच! तीन आठवडे मी विचार करून राहिलो होतो, हा माणूस एवढा जीव तोडून कोणाचा प्रचार करतोय.

मचाणावरचा_म्हातारा
संत्रेवाला, ते बॅटरीवाले मफ कुठून घेतले ते व्यक्तिगत निरोपात कळवा. मला नातवाच्या गाडीवर बसायचंय.